काढ्याची किटली आणि सरपंच

ती दुपार आठवली की आजही मला आधी लाज वाटते आणि मग हसू येतं. तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, निवडणुकांचे बंदोबस्त केले. पण घरात पाहुणे जमले आणि जेवणं उरकली की मुली त्यांतलं काहीच सांगायला लावत नाहीत. "बाबा, ती कुत्र्याची केस सांगा." माझी कर्तबगारी घरात एवढीच शिल्लक आहे. म्हणून तीच लिहून ठेवतो. माणसांची नावं सांगणार नाही, कारण ती सगळी अजून त्याच गल्लीत एकमेकांना लागून राहतात. कुत्र्याचं नाव सांगायला हरकत नसावी. त्याचं नाव सरपंच.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका पोलीस ठाण्याचा निरीक्षक होतो. श्रावण चालू होता आणि गणपती तीन आठवड्यांवर आले होते. या दिवसांत पोलिसाची झोप तशीही अर्धीच असते. मंडळांच्या बैठका, मिरवणुकीचा मार्ग, आवाजाच्या मर्यादेवरून वादावादी. अशात एका दुपारी ठाणे अंमलदार धावतच माझ्या खोलीत आला.

"सर, फोन आलता. कुंभारांच्या गल्लीत गणपती फोडल्यात."

"कुणी?"

"नाव सांगितलं न्हाई. एवढं बोलून ठेवला की."

तोवर त्याच्याच मोबाईलवर फोटो येऊन पडला होता. तुटलेली सोंड, तुटलेला हात आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, 'हे कुणाचं काम?' सणाच्या तोंडावर असा फोटो शहरात फिरायला लागला की काय होऊ शकतं, हे आमच्या खात्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी नियंत्रण कक्षाला कळवलं, जादा कुमक मागवली, हेल्मेट घातलं. माझी जीप पुढे, मागे काठ्या-ढाली घेतलेल्या जवानांची गाडी, असे आम्ही त्या अरुंद गल्लीत घुसलो. समोरून दुधाच्या कॅनची मोटरसायकल आली आणि रस्ता अडला. शेवटचा टप्पा आम्ही पळत गाठला. माझं वजन तेव्हा ब्याण्णव किलो होतं.

पत्र्याच्या एका शेडपुढे माणसं जमली होती. दारात उलट्या घमेल्यावर पस्तिशीची एक बाई बसली होती. कोपरापर्यंत हात शाडूनं माखलेले. तिचा नवरा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पाळीला जायचा, मूर्तींचा सगळा कारभार हीच पाहायची. मी धापा टाकत म्हटलं, "वहिनी, घाबरू नका. कुणी फोडल्या, नाव सांगा फक्त."

"सरपंचानं."

म्हणजे प्रकरणाला राजकीय अंग!

"कुठल्या गावचा?"

"कुठल्या गावचा काय? ह्यो मागच्या मास्तरांचा. त्यो बघा, तुमच्या मागनंच आलाय."

मी वळून पाहिलं. एक तांबूस, अर्ध्या कानाचं गावठी कुत्रं माझ्या जवानांच्या मधोमध बसून सभा सुरू व्हायची वाट पाहिल्यासारखं सगळ्यांकडे बघत होतं. नाकावर पांढरी शाडू. कुठंही चार माणसं जमली की मध्ये जाऊन बसायचं आणि काहीच करायचं नाही, म्हणून गल्लीनं त्याला हे नाव दिलं होतं.

मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, हेल्मेट काढा आता. चावत न्हाई ते."

मी हेल्मेट काढलं. तरीही मूर्तींचा प्रश्न होताच. मी आवाज खाली आणून म्हटलं, "वहिनी, देवाच्या मूर्ती आहेत. लोकांच्या भावना..."

"देव अजून कुठला आलाय साहेब? घरात बसवून पूजा झाली की देव. तंवर माती हाय. भावनांचं ऱ्हाऊ द्या, माझ्या मातीचं बघा. तिसरी खेप हाय ही! ह्या पावसाळी हवेत एक मूर्त वाळाय किती दिस लागत्यात म्हाईत हाय? लोकांनी नारळ दिऊन मूर्ती ठरवल्यात. चौथीला दारात आले की काय सांगू? कुत्र्यानं न्हेली?"

एका दमात तिनं माझा बंदोबस्त उठवला. तो फोटो टाकणारा गल्लीतलाच एक गृहस्थ निघाला. त्याला तो काढायला लावला, त्यालाच खुलासा टाकायला लावला आणि जवानांची गाडी परत पाठवली. गाडी गल्लीतून उलटी काढायला वीस मिनिटं लागली. सरपंच शेवटपर्यंत हजर होता.

राहिली ती अदखलपात्र तक्रार. शेजाऱ्याचं मोकाट कुत्रं, वारंवार नुकसान. बाईची मागणी स्पष्ट होती, "एकतर ते कुत्रं जाईल, न्हाईतर मी शेडाला कुलूप लावते." आत कोपऱ्यात पाटावर तिचे सासरे बसले होते. सत्तरी ओलांडलेले, अंगात बंडी, डोळ्याला जाड काच. आबा म्हणत सगळे त्यांना. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी गल्लीत त्यांच्यासारखी कुणाची नव्हती. लांबलांबची मंडळं केवळ डोळ्यांसाठी इथे येत. मी म्हटलं, "आबा, तुमच्या समोरून कुत्रं आलं असेल ना?"

"मला डुलकी लागलीती," एवढं बोलून ते ब्रश पुसत राहिले. ब्रश कोरडाच होता.

दुसऱ्या दिवशी कुत्र्याच्या मालकाला ठाण्यात बोलावलं. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, म्हणून सगळ्यांचे मास्तर. बायको वारलेली, मुलगी सासरी. नोकरीच्या शेवटच्या दिवशी डेपोत पायात घुटमळणारं पिल्लू ते घरी घेऊन आले, ते हे. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि बसायला सांगितलं तरी बसेनात.

"माझं कुत्रं, माझी चूक. लिहा साहेब. सही कुठं करू?"

"थांबा हो. कुत्रं बांधत नाही का?"

"बांधतो की."

"मग सुटतं कसं?"

"सुटतंय."

"साखळी तुटते?"

"न्हाई."

"मग?"

मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. मग म्हणाले, "त्येला मी धाडतोय साहेब. कोडोलीला भन असती माझी, तिच्या वस्तीवर. रविवारी न्हेतो. वैनीचं नुकसान नको आणि तुमास्नी तरास नको."

हे बोलताना त्यांनी शर्टाचं वरचं बटण उघडलं आणि पुन्हा लावलं. पुन्हा उघडलं.

चौकशीचं एक साधं गणित असतं. शेजाऱ्यांच्या भांडणात कुणीही आपली चूक कबूल करत नाही. 'माझं कुत्रं? छे, त्यांच्याच शेडाला दार नाही,' इथून सुरुवात होते आणि आजोबांच्या काळातल्या बांधापर्यंत जाते. जो माणूस विचारायच्या आधीच सगळं कबूल करतो, तो स्वतःला वाचवत नसतो. मास्तर कुणाला तरी झाकत होते. कुणाला, हे मला कळेना. कुत्र्याच्या गुन्ह्यात साथीदार कोण असणार?

मी त्यांना रविवारपर्यंतची मुदत देऊन सोडलं. आमचा बीट हवालदार मोठा चाणाक्ष माणूस. पंचनाम्याचे कागद माझ्यापुढे ठेवत तो म्हणाला, "सर, एक गंमत हाय. कुत्रं मागच्या पत्र्याच्या फटीतनं आलंय. फटीच्या उजव्या हाताला लागूनच लहान मूर्तींची फळी हाय, तिला धक्का न्हाई. डाव्या हाताच्या फळीला बी न्हाई. फुटल्या त्या मधल्या. सरळ एका रेषेत. शाडूत पंजं उठल्यात, ते फटीपासनं थेट म्हाताऱ्याच्या पाटापर्यंत."

"म्हणजे?"

"म्हंजे मूर्ती फोडाय आलंच न्हाई ते. कुठंतरी चाललंवतं, वाटेत मूर्ती व्हत्या."

त्यानं मोबाईलवर काढलेले फोटो दाखवले. पाटाशेजारी जमिनीवर भांडं ठेवल्याचा एक गोल डाग होता. मी विचारलं तेव्हा हवालदार म्हणाला, मास्तर रोज दुपारी आबांना किटलीतून आयुर्वेदिक काढा आणून देतात, सुनेनंच सांगितलं. मी फोटो मोठा करून पाहिला. डागाची कड पिवळसर होती, तेलकट.

आता इथे मला माझाच एक गुन्हा कबूल करावा लागतो. आमच्या घरी श्रावण कडक. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत नाही. आणि माझ्या टेबलावर, फायलींच्या मागे, श्रावणात एक थर्मास असायचा. घरी सांगितलं होतं, ड्यूटीवर चहा लागतो. खानावळीतून त्यात तांबडा रस्सा यायचा. त्या थर्मासाखाली माझ्या टेबलाच्या काचेवर असाच गोल डाग पडायचा. चहाचा डाग तांबूस सुकतो, त्याला तेलकट कड नसते. तेलकट कड तवंगाची. एवढं ज्ञान मला कुठल्याही प्रशिक्षणात मिळालेलं नव्हतं, ते पापातून मिळालं होतं.

शनिवारी दुपारी तीनला मी साध्या कपड्यांत, एकटाच, त्या शेडात गेलो. सूनबाई बाजूच्या घरात साचे धुवत होती. मी आबांजवळ पोतं ओढून बसलो. पाचच मिनिटांत मास्तर मागच्या बाजूनं आले, हातात झाकण लावलेली किटली. मला बघून ते जागच्या जागी थिजले.

"या मास्तर. काय आणलंय?"

"काढा हाय. आबास्नी."

"कसला?"

"ते... आडुळसा."

"बरं झालं. माझाही घसा बसलाय. एक कप द्या."

मास्तरांनी आबांकडे पाहिलं. आबांनी छताकडे. मी स्टीलचा पेला उचलून स्वतःच ओतून घेतलं आणि प्यालो. मिरी, लवंग, आलं आणि पाया, बकऱ्याच्या खुरांचा रस्सा. अस्सल, रात्रभर शिजवलेला. श्रावणातला शनिवार, गणपतींनी भरलेलं शेड आणि मी, ठाण्याचा प्रमुख, पुरावा पिऊन बसलो होतो.

"आडुळसा झकास आहे," मी म्हणालो.

आबांच्या तोंडून आधी हसू फुटलं, मग त्यांचे डोळे भरले. उजवा हात त्यांनी माझ्यापुढे धरला. बोटं थरथरत होती.

"हिवाळ्यात ताप आलता. तवाधरनं ह्यो असा हलतोय. डागतरनं गोळ्या दिल्या, तिळाएवढा बी फरक न्हाई. कुणीतरी म्हनलं, पाया पी, हाडात जीव येतोय. घरात कसं शिजवणार? सुनंनं गणपतीस्तवर कडक पाळलंय. तिचं काय चुकतंय? लोक तिच्या शब्दावर मूर्त न्हेत्यात. मग मास्तर म्हनला, मी शिजवतो."

"आणि हाडं?"

"नळी चोखून पोत्याखाली सारतो. मास्तर घिऊन जातोय. एकांदी ऱ्हाती. त्या कुत्र्याला वास लागला, साखळीतनं मान काढून यायला लागलं. आता मी काय बोलू? साहेब, डोळं काढाय आलं न्हाईत तर मी ह्या पाटावर कशाला बसू? मग आपलं कोपऱ्यातलं जुनं सामान."

मी मास्तरांना म्हटलं, "आणि तुम्ही त्या बिचाऱ्याला उद्या कोडोलीला धाडणार होता?"

"मग काय सांगू? आबांचं नाव सांगू?" मास्तर एकदम चिडूनच बोलले. "कुत्रं हाय, ऱ्हाईल तिकडं. खायला मिळंल." आणि त्यांनी मान फिरवली.

मी म्हटलं, "आबा, सुनेला सांगा."

"तुमीच सांगा की."

"मी सांगितलं तर ते जबाबात येईल. तुम्ही सांगितलंत तर घरातली गोष्ट राहील."

तेवढ्यात सूनबाई माझ्यासाठी चहा घेऊन आत आली. दारातच थांबली. नाक एकदा वर केलं. किटलीकडे पाहिलं, सासऱ्याकडे, मास्तरांकडे, मग माझ्या हातातल्या पेल्याकडे.

"साहेब, तुमी बी?"

मी आयुष्यात इतक्या वेळा लोकांना 'खरं बोला' म्हणून दरडावलं आहे. त्या क्षणी मी पेला पाठीमागे लपवला. आबाच बोलले. अडखळत, पण सगळं बोलले. ताप, हात, पाया, नळ्या. शेवटी घाबरून म्हणाले, "तूच म्हनतीस की, अजून माती हाय म्हनून."

"माती हाय म्हणून काय शेडात बसून नळ्या चोखायच्या?" ती कडाडली. "आणि माझ्या मूर्ती फुटल्या त्या? मी तीन दिस कुत्र्याच्या नावानं शिव्या घालतीया, तुमी गप ऐकताय!"

आबांनी मान खाली घातली. मास्तरांनी किटलीचं झाकण लावलं, काढलं, लावलं. मी उठायच्या बेतात होतो. भांडण आता माझ्या हद्दीबाहेर गेलं होतं.

ती खाली उकिडवी बसली आणि तिनं सासऱ्याचा उजवा हात आपल्या मातीच्या हातात घेतला. उलटा-सुलटा करून बघितला, एखादी मूर्ती ओली आहे का वाळली हे बघावं तसा.

"एवढा हलतोय? आणि मला वाटायचं तुमी आळस करताय, वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई. मला सांगायचं न्हाई व्हय?"

"तू पाळतीस..."

"मी पाळते. तुमास्नी कुणी घातलीया आण?" मग तिनं डोळे पुसले आणि हुकूम सुटायला लागले. "शेडात एक थेंब न्हाई यायचा. मास्तरांच्या घरात जायचं, तितं बसून काय प्यायचं ते प्यायचं. आल्यावर डोक्यावरनं आंघोळ करायची, धुतलेलं धोतर नेसायचं, मगच पाटावर बसून डोळं काढायचं. आज मी सगळं शेड धुऊन घेते. आणि मास्तर, ती फट आजच्या आज बंद करा. उद्यापास्नं हितं बसून पॉलिश पेपर मारायचा. फुटल्या तेवढ्या उभ्या करायच्यात मला चौथीच्या आत."

"व्हय वैनी."

"आणि त्या सरपंचाला कशाला धाडताय कोडोलीला? त्येनं काय केलं? वास आला, आलं बिचारं."

मास्तरांनी तोंडावर टॉवेल धरला आणि ते मागच्या दारानं बाहेर गेले. बराच वेळ आत आले नाहीत. बाहेरून नुसता साखळीचा आवाज येत होता.

सोमवारी बाई ठाण्यात आली आणि तक्रार मागे घेते म्हणाली. कारण लिहावं लागतं. ठाणे अंमलदार पेन धरून बसला. मी सांगितलं, लिही: 'सदर कुत्र्याचे शेडमध्ये येण्याचे कारण दूर झाल्याने तक्रारदार यांची आता काही तक्रार राहिलेली नाही.' तो म्हणाला, "सर, वरनं विचारलं तर? कसलं कारण?" मी म्हटलं, "आडुळसा." त्यानं लिहिलं नाही, ते एक बरं झालं.

घरी जाऊन मी बायकोलाही थर्मासचं सांगून टाकलं. वाटलं, आता शेडातल्यासारखं काहीतरी होईल. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "थर्मास घासतं कोण, तुम्ही?"

या केसनंतर मी एक सवय लावून घेतली. शेजाऱ्यांची तक्रार आली की जबाबाआधी दोन्ही घरी जाऊन बसायचं, चहा प्यायचा, काय फुटलं यापेक्षा कोण कुणासाठी गप्प आहे ते बघायचं. दरवेळी याचा उपयोग होतो असं नाही. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका कुत्र्याची तक्रार आली. मी दोन्ही घरी तासतास बसलो. काहीही दडलेलं नव्हतं, कुत्रं नुसतं द्वाड होतं. उठलो तर दारातली माझी उजवी चप्पल गायब.

पण कुंभारांच्या गल्लीतल्या त्या तिघांनी मला शिकवलं ते खोटं ठरत नाही. तिघंही आपापल्या परीनं दुसऱ्याला जपत होते आणि जपण्यापायी एकमेकांशी बोलत नव्हते. आणि त्याची शिक्षा एका मुक्या प्राण्याला होणार होती. मी काठ्या-ढाली घेऊन गेलो होतो. तिथे हवा होता तो एक माणूस, ज्यानं फक्त म्हणावं, 'सांगा की एकमेकांना.'

त्या वर्षी आमच्या ठाण्याचा गणपती आम्ही त्या शेडातूनच आणला. बाईच्या सगळ्या मूर्ती वेळेत गेल्या. पायाच्या रश्श्यानं आबांच्या हाताला खरंच काही फरक पडला का, हे डॉक्टरच सांगू शकतील. मी काही सांगू शकणार नाही. एवढं खरं की सगळ्या मूर्तींचे डोळे त्यांनीच काढले, रोज आंघोळ करून, आणि एकही मूर्ती कुणी परत आणली नाही.

आरती झाल्यावर बीट हवालदार मूर्तीकडे मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिला. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "सर, बाप्पा जरा तिरकं बघत्यात असं वाटतंय."

मीही पाहिलं. डावा डोळा केसभर वर गेला होता.

"बघू दे," मी म्हणालो. "पोलीस ठाण्यात बसायचं म्हणजे थोडं तिरकं बघावंच लागतं."